हौसरावांचा ओटीपी

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात दुपारी कुणीही उभं राहिलं, तरी त्याला एक आरोळी हमखास ऐकू यायची, "मामा, ओटीपी." मग ऑफिसातून हौसराव चष्मा कपाळावर चढवत, मोबाइल हातभर लांब धरून सहा आकडे मोठ्यांदा वाचायचे. दूध संघावर फॅटचे आकडे सांगतात तसे. ज्याला हवे त्याने घ्यावेत, ज्याला नको त्यानेही ऐकावेत.

हौसराव आमचे हेडक्लार्क. शिरूर आणि दौंडच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात आमचं कॉलेज आहे, आणि त्या पट्ट्यात त्यांना ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. वडील कोंडिबा मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. कालव्याचं पाणी आलं तेव्हा ते इथे टेकले आणि शेती करायला लागले. हौसराव त्या घरातले खुर्चीवर बसलेले पहिले. शिपाई म्हणून लागले, क्लार्क झाले, हेडक्लार्क झाले, तरी कुणी शेतकरी ऑफिसात आला की खुर्ची सोडून त्यालाच बसायला देत. पोरं त्यांना मामा म्हणत, पोरांचे बाप मामा म्हणत, आणि आमचे प्राचार्यही कुणी बाहेरचं नसलं की मामाच म्हणत.

माणूस सोन्यासारखा, पण 'नाही' हा शब्द त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. प्रवेशाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मोबाइल नंबर कुणाचा टाकायचा असा प्रश्न निघाला. प्राचार्य बदलत राहतात, हौसराव कायमचे, म्हणून त्यांचा टाकला. पासवर्ड ठेवला ग्रामदैवताचं नाव आणि पुढे एक दोन तीन. म्हणजे देवाला जितके लोक ओळखत होते तितक्यांना पासवर्ड ठाऊक. उरलेलं कुलूप म्हणजे तो ओटीपी, आणि त्याची ही अशी दवंडी.

मी कॉमर्स शिकवते. शिरूरहून स्कूटीवर येते. एकदा ऑफिसचा अडकलेला प्रिंटर मी सुरू करून दिला, तेवढ्या पुण्याईवर मला आयटी समितीची सचिव केलं. कॉलेजांची तपासणी करून दर्जा ठरवणाऱ्या नॅकची मंडळी येणार होती आणि त्यांना कॉलेजचं माहिती तंत्रज्ञान धोरण दाखवायचं होतं. ते आमच्याकडे नव्हतं. मग जे सगळे करतात तेच आमच्या समितीने केलं. दुसऱ्या कॉलेजचं धोरण इंटरनेटवरून उतरवलं, नाव बदललं, आणि सगळ्यांनी सह्या ठोकल्या. मधल्या एका पानावर त्या कॉलेजचं नाव तसंच राहिलं होतं, ते कुणालाच दिसलं नाही, कारण वाचलं होतं कुणी? त्यात स्पष्ट लिहिलं होतं की प्रत्येक कर्मचाऱ्याचं लॉगिन स्वतंत्र असेल आणि विद्यार्थ्यांची माहिती बाहेर जाणार नाही. त्याच्याखाली हौसरावांची सही होती आणि माझीही.

मी तेव्हा हौसरावांना म्हटलंही होतं, "मामा, निदान ओटीपी असा ओरडून सांगू नका."

"मॅडम, समदी आपलीच माणसं हायती. आपल्या माणसापासनं काय लपवायचं?" ते म्हणाले. "बाहेरच्याचा फोन आला तर मी इचारतो की. कुठलं गाव, कुणाचा कोण. पटलं तरच सांगतो."

त्यांची ही चौकशी खरोखर कडक असायची. फोनवरच्या माणसाचं गाव, आडनाव, आजोळ, सगळं काढून घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. पुण्याहून सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोन करायचा तर त्यालाही मूळ गाव विचारायचे, आणि ते लांबचं निघालं तर ओटीपी द्यायला कां-कू करायचे. मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

त्यांचा आणखी एक लौकिक होता, तोही सांगायला हवा. हौसराव लग्नं जमवायचे. ऑफिसात कुणी आलं आणि चहा पिता पिता म्हणालं, "मामा, भाच्यासाठी बघतोय, नजरेत हाय का कुणी?" की मामा कपाट उघडायचे, किंवा पुढे पुढे कॉम्प्युटर उघडायचे. मुलीची जन्मतारीख, गाव, बाप काय करतो, सगळं समोर. "बारामतीच्या पाव्हण्याला दाखवा, पोरगी गुणाची हाय." अशी कितीतरी लग्नं त्यांनी लावली आणि ती चांगली चालली. लोक दुवा देत. ऑफिसात वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या लग्नाचे पेढे असायचे. ते पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले आणि कुणाच्याही घशात अडकले नाहीत.

मागच्या दिवाळीनंतर न्हावऱ्याचे भिमाआप्पा कॉलेजात आले. ऊस, कांदा, गोठ्यात गाई, गावात शब्दाला मान असलेला माणूस. त्यांची मुलगी अपेक्षा तिसऱ्या वर्षाला माझ्याच वर्गात होती. तिला पुढे सीए करायचं होतं आणि ती करील अशी होती. गेले काही दिवस ती आली नव्हती. एसटी बंद असेल असं मी धरून चालले होते.

भिमाआप्पा बसले नाहीत. त्यांनी मोबाइल प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. वधू-वरांचा कुठला तरी व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यात अपेक्षाचा फोटो, पूर्ण नाव, आईचं नाव सविता, जन्मतारीख, जात, 'वडील बागायतदार', आणि खाली भिमाआप्पांचा नंबर.

"रोज फोन येत्यात," ते म्हणाले. "सकाळी गाईची धार काढताना येत्यात, जेवताना येत्यात. एक जण म्हणला, पोरीला दुसरीकडं काय असंल तर आताच सांगा. मला. तिच्या बापाला." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "हा फोटो न्हावऱ्याच्या स्टुडिओत काढल्याला. बाकीच्या कापी आमच्या कपाटात हायत्या. एकच बाहेर गेली, ती तुमच्या फारमावर. गावात म्हणत्यात, पोरीनंच कुणाला तरी दिला असंल. आता आलेल्यातलंच एक स्थळ बघतो आन् उरकून टाकतो. कॉलेज बास झालं."

ते गेले. वर्गातल्या इतर मुलींच्या घरीही असे फोन गेले होते, ते नंतर कळलं. त्यांच्या घरच्यांनी गप्प राहणं पत्करलं होतं. आमच्याकडे अब्रू गेली तरी चालते, गेल्याचं कुणाला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी आयटी समितीची बैठक झाली. खऱ्या अर्थाने पहिलीच. आधीच्या नुसत्या सह्यांच्या होत्या. पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्याने शोधून सांगितलं, की तिसऱ्या वर्षाच्या मुलींची माहिती फोटोंसह एका रविवारी उतरवून घेतलेली आहे, कॉलेजच्या बाहेरून, ऑफिसच्या लॉगिनवरून. "ओटीपी तुमच्या नेहमीच्या नंबरवर गेला होता सर."

सगळे हौसरावांकडे बघायला लागले. हौसराव टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

"मामा, कुणाला सांगितला?" प्राचार्यांनी विचारलं.

"न्हाई ध्यानात. दिवसात किती जणास्नी सांगतो."

प्राचार्यांनी सुस्कारा सोडला आणि मला तो सुटकेचा वाटला. कुणी केलं हे कळणार नसेल तर कुणाला शिक्षाही नको आणि संस्थेचं नावही नको. अळीमिळी गुपचिळी. ते मला सांगायला लागले, "लिहा मॅडम. चौकशीअंती नेमकी व्यक्ती निष्पन्न झाली नाही. सदर विद्यार्थिनीने स्वतःच छायाचित्र इतरांना दिले असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मी मान वर केली. प्राचार्य म्हणाले, "शक्यता म्हटलंय हो नुसती. उद्या सह्या घेऊ."

त्या वाक्याने काय होणार हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. तो कागद गावात जाणार, कॉलेजनेच लिहून दिलंय म्हणणार, आणि त्या मुलीला ते आयुष्यभर पुसता येणार नाही. हे कळूनही आम्ही शिकलेसवरलेले लोक चहाच्या कपांकडे बघत बसलो. मीही ते वाक्य लिहून घेतलं. हौसराव पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत.

ते मला स्कूटीपाशी भेटले. उन्हात उभे होते.

"मॅडम, ते पोरीचं कागदावर आलं का?"

"उद्या सह्या आहेत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दत्ताचा फोन आल्याला त्या रविवारी."

दत्ता म्हणजे कासुर्डीला दिलेल्या त्यांच्या बहिणीचा मुलगा. सणसवाडीत एका कंपनीत कंत्राटावर, तिथेच खोली घेऊन राहतो. मध्ये काम सुटलं होतं तेव्हा हौसरावांनीच त्याला आमच्याकडे प्रवेशाच्या दिवसांत कॉम्प्युटरवर बसवलं होतं. पासवर्ड त्याला तेव्हापासून माहीत, आणि तो बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लग्नाचं वय उलटत चाललेलं. कंत्राटावरच्या पोराला आमच्याकडे कुणी मुलगी दाखवत नाही. त्याच्या खोलीवरचे सगळे तसेच, आणि तो वधू-वरांचा ग्रुप त्यांचाच.

"मी एसटीत व्हतो," हौसराव सांगत होते. "म्हणला, मामा, ओटीपी आलाय, सांगा बरं. मी काय इचारणार? गाव इचारू का आजोळ इचारू? त्याचं आजोळ मीच हाय. मोठ्यांदा वाचला, गाडीतल्या लोकांनी बी ऐकला आसंल."

"बैठकीत का नाही बोललात?"

"बहिणीचं तोंड दिसाय लागलं." ते खाली बघत म्हणाले. "आता फोन लावला त्याला. शिव्या घातल्या. तर म्हणला, मामा, तुमी जलमभर हेच केलं की. कपाटातनं पोरी काढून दावल्या. तुमी केलं तर पुण्य, लोक पेढं देत्यात. मी मोबाइलवर केलं तर पाप व्हय?"

आणि मग हा माणूस, ज्याला मी कधी आवाज चढवतानाही पाहिलं नव्हतं, दोन्ही हातांनी तोंड झाकून पार्किंगच्या कठड्यावर बसला. "त्याला काय उत्तर देऊ मॅडम?"

पेढे मीही खाल्ले होते.

"उद्या भिमाकडं न्या मला," ते म्हणाले. "सह्यांच्या आदी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न्हावऱ्याला गेलो. भिमाआप्पांच्या अंगणात पाहुण्यांची पांढरी गाडी उभी होती. बघण्याचा कार्यक्रम. सतरंजीवर मुलाकडचे चार-पाच जण, मुलगा नवा शर्ट घालून मान खाली घातलेला, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास. मी हौसरावांना म्हटलं, "नंतर येऊ, लोक आहेत."

"लोक हायती म्हणूनच बरं," ते म्हणाले आणि चपला काढून पुढे झाले.

पाहुण्यांमधला एक म्हातारा त्यांना पाहून खुलला. "या या हौसराव. म्हंजी हे स्थळ बी तुमीच जमावलं का काय? आमच्या थोरल्याचं तुमीच जुळवून दिल्यालं." तो हसला. भिमाआप्पा हसले नाहीत.

हौसराव बसले नाहीत. उभ्यानेच बोलायला लागले. "आप्पा, पोरीचा फोटो माझ्यामुळं बाहेर गेला. माझ्या भाच्यानं काढला, दत्तानं. त्याला किल्ली मी दिली. काल कॉलेजात इचारलं तवा मी खोटं बोललो. पोरीचा ह्यात काडीचा संबंध न्हाई. तिनं कुणाला काय दिलं न्हाई. ह्या पाव्हण्यांच्या म्होरं सांगतो, आन् गावात चावडीवर सांगाय लावलं तर थितं बी सांगतो."

आत भांड्यांचा आवाज थांबला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो म्हातारा आता आपल्या टोपीशी चाळा करत होता.

भिमाआप्पा उठून उभे राहिले. "मामा," ते म्हणाले, "फारम भरायच्या दिशी तो फोटो मी तुमच्या हातात दिल्याला. आठवतंय का?"

"व्हय."

"तुमी काय म्हणला व्हता?"

भिमाआप्पांनीच सांगितलं, "म्हणला व्हता, आप्पा, काळजी करू नगा, तुमची ती माझी. त्या शब्दावर मी तिला एसटीत बसवली. घरात समदे नगं म्हणत असताना."

कुणी आम्हाला बसा म्हटलं नाही. कुणी पाणी विचारलं नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही पाण्याचा तांब्या पुढे करतात. सवितावहिनी दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्या हातात तांब्या होता, आणि त्या तो तसाच घेऊन आत गेल्या. हौसरावांनी ते पाहिलं. मला वाटतं, पुढे जी काही शिक्षा झाली त्यातली त्यांना हीच कळली.

दाराच्या आडून अपेक्षा दिसत होती, साडीत. ती रडत नव्हती. ती हौसरावांकडे असं बघत होती, जसं ओळखीच्या घराचं दार भलत्याच माणसाने उघडल्यावर आपण बघतो.

भिमाआप्पा पाहुण्यांकडे वळले. "पाव्हणं, पोहं खाऊन जावा. पण बघायचं राहू द्या. तिचं शेवटचं वरीस हाय, ते होऊ द्या."

कॉलेजात परत आल्यावर हौसरावांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, ते वाक्य खोडलं आणि स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. प्राचार्य वैतागले. संस्थेची बदनामी, निवृत्ती जवळ आलीय, कशाला, असं बरंच झालं. हौसराव म्हणाले, "सर, बदनामी झालीच हाय. फकस्त पोरीच्या नावावर टाकायची का माझ्या, तेवढंच ठरवायचं ऱ्हायलंय." एवढं बोलून त्यांनी सही केली. दत्तावर पोलिसांत तक्रार गेली आणि तो ग्रुप बंद झाला. हौसरावांच्या बहिणीने भाऊबीज तोडली. त्यांना ऑफिसातल्या कोपऱ्यातलं आवक-जावकचं टेबल मिळालं.

मग आम्ही खरं धोरण लिहायला बसलो. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर. पण ह्या वेळी उतरवून घेतलं नाही. मी हौसरावांना समितीत ठेवायचा आग्रह धरला, आणि ते येऊन कोपऱ्यात बसायचे. आम्ही एकेक विषय काढायचा, आणि त्यांनी मान न उचलता सांगायचं, आपण काय काय करत होतो. "कोण बी आलं की पोरीची जन्मतारीख सांगायचो. ते बंद करा." "सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन तसंच ठेवायचो. ते बंद करा." "बापाचा नंबर कागदावर लिहून द्यायचो. ते बंद करा." एका बैठकीत त्यांना मध्येच थांबावं लागलं, मी पंखा मोठा करायच्या निमित्ताने उठले. आमच्या धोरणातलं प्रत्येक कलम असं त्यांच्या तोंडून निघालेलं आहे. आता शेजारची कॉलेजं त्याची प्रत मागतात. मी देत नाही. म्हणते, तुमच्या ऑफिसात बसा आणि तुमचं तुम्ही लिहा.

व्हरांड्यातली ती आरोळी बंद झाली. ज्याचं त्याचं लॉगिन, ज्याचा त्याचा मोबाइल. विद्यार्थ्यांचे फोटो फक्त प्राचार्य आणि प्रवेशाचं काम बघणारी हर्षदा ह्यांनाच दिसतात, आणि कुणी उघडले की त्याचं नाव मागे उमटतं.

परीक्षेचे फॉर्म सुरू झाले तेव्हा अपेक्षा ऑफिसात आली. मी हर्षदाशेजारी बसून नवीन पद्धत बसवत होते. कोपऱ्यात हौसराव पाकिटांवर शिक्के मारत होते. अपेक्षाला पाहून ते उठून उभे राहिले, पूर्वी तिच्या वडिलांसाठी उठायचे तसे.

तिने पाकिटातून फोटो काढला आणि हातातच ठेवला. खिडकीशी आली नाही. सरळ त्यांच्या टेबलापाशी गेली.

"हा कोण कोण बघणार?" तिने विचारलं.

"दोघं. प्राचार्य आन् ही हर्षदा. उघडला की त्यांचं नाव उमटतं."

"तुम्ही?"

"मला न्हाई दिसत. मीच काढाय लावलं माझं नाव."

ती हर्षदाकडे आली, फोटो दिला, पावती घेतली, नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. दाराशी जाऊन वळली.

"येते, सर," ती म्हणाली.

ह्या पट्ट्यातल्या कुठल्याही पोराने किंवा पोरीने हौसरावांना कधी सर म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "ये बाळा," आणि लगेच, "या." मग ते खाली बसले आणि राहिलेल्या पाकिटांवर शिक्के मारायला लागले.